टेकडीपासून सिंहगडापर्यंत: पुण्याभोवतीचे माथे, पायी आणि सायकलवर

पुण्यात कुणी ‘बाईकवर सिंहगडला जाऊन आलो’ म्हणालं, की त्याचा अर्थ पेट्रोल जाळून वर गेलो, गाडीतळावर गाडी लावली, भजी खाल्ली आणि आलो, एवढाच असतो. त्यात वाईट काही नाही, पण हा लेख त्याबद्दल नाही. इथे पाय आहेत आणि पायडल मारायची सायकल आहे. ज्यांनी आजवर फारसं चढलेलं नाही, पण घराच्या गच्चीवरून दिसणारी टेकडी ज्यांना खुणावते, त्यांना घरामागच्या टेकडीपासून सिंहगडाच्या घाटापर्यंत टप्प्याटप्प्याने कसं जायचं, ते सांगतो. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला तीच वाटावाटांनिशी माहीत आहेत. सातारकरांनी अजिंक्यतारा धरावा, नाशिककरांनी पांडवलेणी, कोल्हापूरकरांनी जोतिबाचा डोंगर. हिशेब तोच.

आधी वेळ ठरवा, मग जागा

कुठे जायचं यावर आपण आठवडाभर खल करतो आणि किती वाजता पोचायचं यावर मिनिटभरही नाही. मी पहिल्यांदा वेताळ टेकडीवर मुद्दाम ‘बघायला’ म्हणून गेलो, तो डिसेंबरातला रविवार होता. सकाळचे आठ वाजले होते. समोर राखाडी गोधडी पसरल्यासारखं काहीतरी होतं, त्यातून दोन-चार उंच इमारतींची टोकं वर आली होती. बस. पुढे जूनमध्ये, वळवाने दोन दिवस झोडपून काढल्यावर, संध्याकाळी त्याच खडकावर उभा राहिलो तर दक्षिणेला सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा काडीसारखा स्पष्ट दिसत होता. जागा तीच होती. हवा वेगळी होती.

त्याचं कारण साधं आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, थंड हवा तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. शहराचा धूर-धुरळा त्या झाकणाखाली कोंडून राहतो. ऊन तापलं की झाकण उघडतं. म्हणून हिवाळ्यात शहरातल्या ठेंगण्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जा, पण दृश्य बघायला दुपारी चारनंतर जा. सिंहगडासारखा उंच माथा मात्र त्या झाकणाच्या वर असतो, त्यामुळे तिथे हिवाळ्यातली सकाळच उत्तम.

उन्हाळ्यात उलट. एप्रिल-मेमध्ये दिवसभर हवा धुरकट असते, दूरचं काही दिसत नाही आणि दहानंतर कातळ तव्यासारखा तापतो. उजाडताना माथ्यावर आणि नऊच्या आत खाली, हे जमणार नसेल तर त्या दिवशी घरी पंख्याखाली बसलेलं बरं. पावसाळ्यात दोन सरींच्या मधला तास पकडायचा. पाऊस थांबल्या थांबल्या हवा धुतल्यासारखी होते आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरचे डोंगरही हाताच्या अंतरावर वाटतात. मला विचाराल तर वर्षातले सगळ्यांत चांगले तीन आठवडे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात. गवत अजून हिरवं असतं आणि सकाळी दऱ्यांत ढग साचलेले असतात. फक्त दुपारी आभाळ भरून गडगडायला लागलं, तर हौस बाजूला ठेवून खाली उतरायचं.

सूर्योदय गाठायचा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: पुण्यात डिसेंबरअखेर सूर्य सातनंतर उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आत. म्हणजे थंडीतला सूर्योदय आळशी माणसालाही परवडतो. माथ्यावर मात्र सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा. रंगांची खरी गंमत तेव्हा असते. सूर्य वर आला की पाच मिनिटांत खेळ संपतो आणि लोक फोटो काढायला लागतात.

पहिले चार आठवडे: पर्वती आणि वेताळ टेकडी

थेट सिंहगड गाठू नका. पोटऱ्या दोन दिवस बोलत नाहीत, मग उत्साह मावळतो आणि नवे बूट माळ्यावर जातात.

सुरुवात पर्वतीपासून करा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये इथे देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं आणि १७६१ मध्ये, पानिपतानंतर, त्यांनी देह ठेवला तोही इथेच. पायऱ्या १०३ आहेत, रुंद आणि उतरत्या. पहिल्या आठवड्यात एकदाच चढा, न थांबता आणि न धावता. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढं बघा. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. हीच परीक्षा पुढे सिंहगडालाही लावायची आहे आणि सायकललाही. दुसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन फेऱ्या करा. उतरताना गुडघा ताठ ठेवून पाय आपटू नका, गुडघा किंचित वाकवून पाऊल अलगद टेका. गुडघे चढताना दुखत नाहीत, दुखतात ते उतरताना.

तिसऱ्या आठवड्यात वेताळ टेकडी. पुणे शहराच्या हद्दीतला हा सगळ्यांत उंच माथा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. शहर स्वतःच ५६० मीटरवर आहे, म्हणजे खरा चढ अडीचशे मीटरांच्या आतलाच. वाटा पुष्कळ आहेत: लॉ कॉलेज रस्त्याकडून, चतुःशृंगीकडून, गोखलेनगरमधून, पाषाणच्या पंचवटीकडून, पौड रस्त्याच्या बाजूने. नवख्याने लॉ कॉलेज रस्त्याची बाजू धरावी, वर्दळ असते. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे आणि जुन्या दगडखाणीत पाणी साचून झालेलं तळं. पहाटे मोर ओरडत असतात. जूनच्या तोंडावर ग्लिरिसिडियाच्या झाडीत नवरंग पक्षी शीळ घालतो; तो दिसला नाही तरी ऐकू येतो.

या ग्लिरिसिडियाबद्दल थोडं सांगायला हवं. वनीकरणात ही परदेशी झाडं टेकडीवर भरमसाट लावली गेली. त्यांच्याखालून जाणाऱ्या सगळ्या पायवाटा एकसारख्या दिसतात. एकदा संध्याकाळी ‘आपल्याला काय, रोजची टेकडी’ या गुर्मीत मी एका फाट्यावर डावीकडे वळलो आणि अंधार पडता पडता जिथे उतरलो ती पंचवटी होती. स्कूटर लॉ कॉलेज रस्त्यावर. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा चाळीस रुपये जास्त घेतले आणि वर ‘टेकडीवर हरवलात?’ असं विचारलंही.

तेव्हापासूनची सवय अशी: प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागे वळायचं आणि आलो ती वाट कशी दिसते ते बघून ठेवायचं. जाताना दिसणारी वाट आणि येताना दिसणारी वाट या दोन वेगळ्या वाटा असतात. एखादं वाकडं खोड, रंग मारलेला दगड, मनोरा कुठल्या हाताला आहे, अशी एक खूण प्रत्येक फाट्याला धरा. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा, पण फोनची बॅटरी आणि टेकडीवरची रेंज दोन्ही नको तेव्हाच दगा देतात.

अंगावर काय, पाठीवर काय

दुकानात गेलात तर तुम्हाला दहा हजारांचं सामान लागेल. टेकडीला एवढंच लागतं: खाली खोल खाचा असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, पूर्ण लांबीची पँट, टोपी, पाणी. गुळगुळीत तळव्याचे चालायचे बूट नकोत. मुरमावर ते बॉलबेअरिंगसारखे फिरतात.

पूर्ण पँट कशासाठी, ते ऑक्टोबरनंतर कळतं. गवत वाळलं की त्याची कुसळं सुटतात. एक टोक सुईसारखं, दुसऱ्याला पिळलेली शेपटी. ओल लागली की शेपटी उलगडते आणि सुई आत शिरते, विणलेल्या मोज्यात तर हमखास. गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवर ओढून घ्या.

पाणी टेकडीला एक लिटर, सिंहगडाला पायी दोन लिटर, उन्हाळ्यात त्याहून अर्धा लिटर जास्त. खायला शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याची चिक्की, केळी. घाम खूप येत असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत वेगळं ठेवा, नुसतं पाणी ढोसून पायात गोळे यायचे थांबत नाहीत. टॉर्च मात्र नेहमी, दुपारी निघालात तरीही. फोनचा टॉर्च लावलात तर एक हात अडकतो आणि घसरल्यावर आधार घ्यायला तोच हात लागतो, म्हणून डोक्याला बांधायचा घ्या.

सिंहगड, पायी

आता गडाकडे. उंची १,३१२ मीटर. पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत स्वारगेटच्या बाजूने पीएमपीएमएलची बस जाते. शनिवार-रविवारी शक्यतो बसनेच जा, कारण वरच्या रस्त्याला गाड्यांची जी रांग लागते ती बघूनच दम लागतो. आतकरवाडीतून पायवाट साधारण पावणेतीन किलोमीटर आहे, चढ सहाशे-सातशे मीटरच्या घरात.

वेळेचा अंदाज असा काढायचा: सपाटीला तासाला ४ किलोमीटर, आणि चढाच्या दर ३०० मीटरला अर्धा तास जादा. म्हणजे आतकरवाडीहून अंतराचे चाळीस मिनिटं अधिक चढाचा तासभर. पावणेदोन तास. चार आठवडे पर्वती-वेताळ केलेल्या माणसाला एवढा वेळ पुरतो. रोज चढणारे पाऊण तासात जातात. त्यांच्या मागे लागू नका. दर आठवड्याला गड चढणारे सत्तरीतले काका तुम्हाला ओलांडून जातील आणि वर पोचलात की ताक पीत बसलेले दिसतील. तो अपमान सगळ्यांनी गिळलेला आहे.

पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चाला, लाज वाटेल इतकं हळू. दम लागल्यावर थांबण्यापेक्षा दम लागणारच नाही असा वेग बरा. वाटेत ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन गावातल्या बायका बसलेल्या असतात. तिथे थांबा, पण पाच मिनिटांवर बसू नका, अंग थंड पडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाऊल आडवं, पूर्ण तळवा टेकवून टाका. जिथे मातीवर बारीक खडी पसरली आहे, त्या घसाऱ्यावर मध्ये न चालता कडेच्या गवतावरून किंवा रुतलेल्या दगडावरून जा. पावसाळ्यात हिरवं शेवाळ धरलेला कातळ टाळा, तो बर्फासारखा निसरडा असतो, आणि सिंहगडाच्या वाटेवर हात मोडतो तो बहुतेक इथेच.

दीड-दोन तासांनी पुणे दरवाजा लागतो. इथून पुढे झुणका-भाकरी, मडक्यातलं दही, कांदाभजी यांचं राज्य. ते जरूर करा, पण आधी गडाच्या दक्षिण टोकाला कल्याण दरवाजा आणि झुंजार बुरूज गाठा. बहुतेक लोक भजी खाऊन देवटाक्यापाशीच, म्हणजे गडावरच्या पाण्याच्या टाक्यापाशीच, परत फिरतात. सगळ्यांत मोठा देखावा या दोन ठिकाणांवरून आहे.

माथ्यावर पोचल्यावर बघायचं काय

‘व्ह्यू मस्त आहे’ म्हणून लोक पाठ फिरवतात, कारण समोर नुसते डोंगर असतात, नाव नसलेले. नावं कळली की तास कसा जातो कळत नाही.

झुंजार बुरुजावर नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहा. समोर जरा डावीकडे, माथ्यावर टोकदार डोकं काढलेला बालेकिल्ला दिसतो तो राजगड. त्याच्या उजवीकडे लांबच लांब पसरलेला, भक्कम अंगाचा तोरणा. दोन्ही इथून पंधरा-सतरा किलोमीटरवर. आता डावीकडे, पूर्वेला वळत चला, दोन जुळे माथे दिसतील, पुरंदर आणि वज्रगड. गडाच्या उत्तर कड्यावर गेलात तर खाली खडकवासल्याचं पाणी आणि त्यापलीकडे शहर. पश्चिमेला पानशेत-वरसगावचं पाणी डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं दिसतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही गेलं. आजोबांकडून ऐकलेला तो पूर इथून बघितल्यावर कळतो: पाण्याला शहराकडे जायला ही दरी एकच सरळ वाट आहे. पावसाने धुतलेल्या दिवशी वायव्येला, फार लांब, लोहगड-विसापूरची जोडीही ओळखू येते.

दुर्बीण असेल तर न्या. नसेल तर निदान होकायंत्र उघडा आणि दिशा पक्क्या करा. डोंगर ओळखण्याची रीत अशी की आधी एक पक्का धरायचा, इथे राजगड, आणि बाकीचे त्याच्या डाव्या-उजव्या हाताने लावत जायचे.

वर शहरापेक्षा चार-पाच अंशांनी गार असतं आणि वारा वेगळाच. घामाने भिजलेला शर्ट वर गेल्या गेल्या बदला, एवढ्या एका गोष्टीने पुढचा आठवडा सर्दीविना जातो. कड्याच्या आणि तटाच्या जवळ उभं राहताना दगड हलतोय का बघा. तीनशे-साडेतीनशे वर्षांचं बांधकाम आहे, तुमच्या सेल्फीचा भार सोसायचं त्याने मान्य केलेलं नाही.

आता सायकल

पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आता सायकल पुन्हा दिसते आहे, पण रविवारी सकाळी आणि हेल्मेट घालून.

घाट चढायला महागडी सायकल लागत नाही, गिअर लागतात. पुढचं सगळ्यांत लहान चक्र आणि मागचं सगळ्यांत मोठं चक्र, ही जोडी तुमच्या सायकलवर बिनआवाज बसते का, ते घरच्या रस्त्यावरच तपासा. सीटची उंची अशी ठेवा की टाच पायडलवर ठेवली तर पाय सरळ होतो. पुढे पंजाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली ठेवून घाट चढणाऱ्याचे गुडघे संध्याकाळी त्याच्याशी बोलतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी. सोबत एक जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, छोटा पंप आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या. पंक्चर काढता येत नसेल तर घरी बसून दोनदा काढून बघा. घाटात शिकायला फार गैरसोयीचं असतं.

पहिला घाट बोपदेव घ्या. कोंढव्यातून येवलेवाडीमार्गे रस्ता चढतो, खरा घाट चारेक किलोमीटरचा, आणि वर पोचलात की मागे अख्खं शहर पसरलेलं. हौस उरली तर तिथून कानिफनाथाच्या डोंगरापर्यंत जाता येतं. सासवडला उतरून मिसळ खायची आणि आल्या वाटेने परतायचं, ही पुष्कळ सायकलवाल्यांची रविवार सकाळ. सासवडहून दिवे घाटाने हडपसरला उतरायचा मोह होतो, कारण पायथ्याला मस्तानी तलाव दिसतो आणि ज्ञानोबांची पालखी याच घाटाने चढते. पण त्या रस्त्याला ट्रक फार आहेत. नवशिक्याने तो टाळावा. बोपदेवलाही अंधारात थांबू नका, तिथे लुटालुटीचे आणि त्याहून वाईट प्रकार घडलेले आहेत.

घाटाच्या पहिल्या वळणाच्या आधीच गिअर हलका करा. चढावर जोर लावत असताना गिअर बदललात तर चेन कुरकुरते आणि मग पडते. काळ्या हातांनी ती परत चढवायची आणि चढावरच पुन्हा सुरुवात करायची, याला जो वेळ लागतो त्यात एक वळण पार झालं असतं. हँडल घट्ट आवळू नका, खांदे खाली सोडा, नजर समोर दहा-पंधरा फुटांवर ठेवा. माथ्याकडे बघू नका. वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त असतो, बाहेरच्या बाजूला कमी, पण समोरून गाडी येत नसेल तरच त्याचा फायदा घ्या.

बोपदेव तीन-चारदा न उतरता झाला की सिंहगड. खडकवासल्यापर्यंतचा रस्ता अंग मोकळं करण्यासाठी आहे, वाहनं मात्र असतात, म्हणून सकाळी सहाच्या आत धरण ओलांडा. धरणाच्या पुढे उजवीकडे पाणी सोडून डोणजे, गोळेवाडी. तिथल्या नाक्यापासून माथ्यापर्यंत साधारण नऊ किलोमीटर आणि सरासरी सात टक्के चढ. सात टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात तर सात मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चढ एकसारखा नाही: मध्ये जरा श्वास घेता येतो आणि शेवटच्या टप्प्यात काही वळणं दहा टक्क्यांच्या वर जातात. म्हणून पहिल्या तीन किलोमीटरला राखून ठेवा. पाण्याचे घोट दर दहा मिनिटांनी, तहान लागायची वाट न बघता. पहिल्या खेपेला दीड तास लागला तरी चांगलं. थांबलात, ढकलत नेलीत, तरी कुणी गुण कापत नाही. मी पहिल्या वेळी तीनदा थांबलो होतो. त्यातल्या एका ठिकाणी माकडाने केळं नेलं.

आणि आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते: उतार. चढताना माणूस थकतो, उतरताना पडतो. एका नोव्हेंबरात घासून संपत आलेल्या ब्रेक शूंवर मी घाट उतरत होतो. आदल्याच आठवड्यात एका दुकानाने ‘अजून चालतील’ म्हणून सायकल परत दिली होती, आणि मलाही ते ऐकायला आवडलं होतं. तिसऱ्या वळणावर लिव्हर हँडलला टेकलं आणि सायकल थांबायचं नाव घेईना. कडेच्या मुरमात घातली म्हणून फक्त कोपर आणि मांडी सोलली. तेव्हापासून निघायच्या आधी लिव्हर दाबून बघतो: हँडलच्या अर्ध्या वाटेच्या आत ब्रेक पकडला पाहिजे.

उतरताना दोन्ही ब्रेक वापरा, सलग दाबून न ठेवता दाबा-सोडा, दाबा-सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली, आतला वर, नाहीतर पायडल रस्त्याला घासतं. पावसात रिम ओली असते, चाकाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही, तेवढं अंतर हिशेबात धरा. आणि सिंहगडाहून उतरताना भजी खायला निघालेल्या गाड्या वळणावर तुमच्या बाजूला येतातच, हे गृहीत धरूनच उतरा. दरड आली की हा रस्ता बंदही होतो. वेळा, वाहनांचं शुल्क आणि नियम वन विभाग बदलत असतो, नाक्यावरचा फलक वाचून जा.

कात्रज ते सिंहगड

हे सगळं जमलं की कुणीतरी ‘केटूएस’, म्हणजे ‘कात्रज टू सिंहगड’, सुचवतंच. जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून डोंगरधारेने सिंहगडाच्या घाटरस्त्यापर्यंत, तेरा टेकड्या. मोजणाऱ्याप्रमाणे आकडा कमी-जास्त होतो. प्रत्येक टेकडी चढायची, घसाऱ्यावरून उतरायची, पुन्हा चढायची. सहा ते आठ तास लागतात. वाटेत पाणी नाही, माणशी चार लिटर न्या. पौर्णिमेच्या रात्री पुष्कळ लोक जातात, उजव्या हाताला रात्रभर शहराचे दिवे असतात आणि ते खरंच सुंदर दिसतं. पण पहिल्या वेळी दिवसा जा, वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर आणि चार-पाच जण मिळून. अंधारात चुकीची सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार, धरून उतरणं इथे फार सोपं आहे. चुकलात तर वाट शोधत खाली घुसू नका, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत वर परत या.

थोडं सावधगिरीचं

कड्यांना आग्या मोहळं लटकलेली असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून पळा, हात हलवत उभे राहू नका. दगडांच्या सांध्यात फुरसं बसतं, म्हणून न बघता हात घालायचा नाही, न बघता बसायचं नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. तो भाग हलू न देता माणसाला उचलून लवकरात लवकर दवाखान्यात न्या. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर मदत. वीज कडाडू लागली तर माथा, एकटं झाड आणि मनोरा सोडून खालच्या उतारावर या. फेब्रुवारी ते मे गवत पेटायला एक थोटूक पुरतं, तेव्हा विडी-काडी खालीच.

घरी निघताना कुणालातरी सांगून जा: कुठल्या वाटेने, कितीपर्यंत परत. आणि उजेड संपायच्या दोन तास आधी, जिथे असाल तिथून मागे फिरा. माथा अर्ध्या तासावर राहिला असला तरी.

परत आल्यावर अंघोळीआधी दोन कामं. सायकल पावसातून आली असेल तर चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे दोन-चार थेंब सोडा, रात्रभर तशीच राहिली तर सकाळी तांबारते. आणि मोजे. ते थेट धुण्याच्या यंत्रात टाकू नका. आमच्याकडे एकदा टाकले गेले आणि कुसळं घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत वाटली गेली, अगदी आईच्या ब्लाउजपर्यंत. गॅलरीत स्टूल घेऊन बसायचं, भुवयांचा चिमटा घ्यायचा आणि एकेक कुसळ सुईच्या टोकाकडून ओढून काढायचं. शेपटीकडून ओढलंत तर ते तुटतं आणि टोक आतच राहतं.